केसाएवढी रेघ

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
६ फेब्रुवारी २०२५

चि. श्रावस्ती,
सप्रेम जय भीम.

ती सायकलची फ्रेम अजून विकली गेलेली नाही. आज जेवणाच्या सुट्टीत मी प्लँटमधून फोन केला, तेव्हा स्वतः रुचितानेच तसं सांगितलं. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तिच्या जाहिरातीखाली कुणीतरी 'सोल्ड' लिहिलंय, त्यात तथ्य नाही. बहुतेक ज्याला कमी भावात हवी होती त्याचंच ते काम.

बाईंचं पूर्ण नाव रुचिता सबनीस. गुरुग्रामला कन्सल्टिंग कंपनीत आहेत. तीन वर्षं डोंगरउतारावरचं डाउनहिल सायकलिंग केलं, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी डोंगर बंद केले. आधी हिंदीत बोलत होत्या. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "अच्छा, मराठी? मग मराठीतच बोला ना यार, आईशिवाय कुणाशी बोलायलाच मिळत नाही." विचारलं, फ्रेम कुणासाठी? म्हटलं, चुलत बहिणीसाठी, पुण्यात असते, सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. "रेस करते की नुसते फोटो टाकते?" मी तुझे गेल्या वर्षीचे निकाल सांगितले. मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मीपण करायचो.

'करायचो' असं तोंडातून गेलं. तसं मी काही सोडलेलं नाही. कॉलरबोन मोडल्यापासून तीन सीझन नाव दिलं नाही, एवढंच.

रविवारी प्लँट बंद असतो, तेव्हा जाऊन येतो. पण मला विचारशील तर इतकी घाई नको. तुझी जुनी फ्रेम वेल्ड करून घेतली आहेसच. मी माझी पहिली फ्रेम दोनदा वेल्ड करून चार वर्षं चालवली होती. आम्हाला तेव्हा कोण तपासून देणार होतं.

बाबा बरे आहेत. तुझं वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी फ्रिजवर लावलंय. घरी कुणी आलं की पाणी द्यायच्या आधी ते दाखवतात. काल वरच्या मजल्यावरच्या अंडर सेक्रेटरींना दाखवलं. त्यांनी मला विचारलं, "आप भी साइकिल चलाते हैं?"

तुझा,
संघपाल


पुणे
७ फेब्रुवारी

प्रिय दादा,
जय भीम.

तू जाणार हे वाचून इतकं बरं वाटलं. दिवसभर मानेसरच्या प्लँटमध्ये पार्ट तपासणारा माणूस स्वतः जाऊन बघणार म्हटल्यावर मला काळजीच नाही.

घाई का, ते सांगते. शर्यत बारा एप्रिलला आहे, हिमाचलमध्ये, आणि नावं दहा मार्चपर्यंत द्यायची. मुलींमधल्या पहिल्या तिघींना निवड शिबिराला बोलावणार. यंदा शर्यत सुरू होण्याआधी सायकली तपासणार, वेल्ड केलेली फ्रेम बाद. म्हणजे माझी बादच. आणि तसंही ती आता उतारावर किरकिर आवाज करते. मेकॅनिक म्हणाला, ताई, हिच्यावर भाजी आणायला जा.

मी महिनाभर फ्रेम शोधतेय. बंगळुरूची एक चांगली होती, पण लार्ज. मला मीडियमच लागते, नाहीतर हँडलपर्यंत पोचताना पार लोंबकळायला होतं. डेहराडूनचा विक्रांत म्हणून एक जण आहे, त्याच्याकडे मीडियम आहे, पण मागच्या चाकाचे सांधे ढिले आहेत असं फोटोतच दिसतं. नवीन घ्यायची तर माझा वर्षाचा पगार. रुचिताची एकच सगळीकडून बसते. मापाची, दोनच सीझन चाललेली, आणि रंग काढून नुसतं अॅल्युमिनियम ठेवलेली, म्हणजे भेग असेल तर लपणार नाही.

प्लीज वेल्डचे जोड नीट बघ. हँडलखालचा आणि मागच्या चाकाजवळचा.

आता एक बातमी. कात्रजच्या आपल्या उतारावर परवा मी एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांत खाली आले. तुझं एक बावन्न होतं ना, २०१९ च्या डिसेंबरमधलं? तेच मोडलं. आमच्यात चालवणाऱ्या साकेतने दोन घड्याळांवर वेळ घेतली, दोन्हींवर तेच. गंमत म्हणजे तू इथे आलास की तिसऱ्या वळणावर नेहमी ब्रेक मारायचास, तिथे ब्रेक लागतच नाही रे. आतल्या बाजूने शिरलं की आपोआप निघतं. खालच्या खडकावरही तू उजवीकडून जायचास, डावीकडून दीड सेकंद वाचतो. इथली पोरं मला म्हणत होती, संघपालदादांचं टाइम पाच वर्षं कुणाला मोडता आलं नव्हतं. मी म्हटलं, त्यांनीच तर शिकवलंय. मग सगळ्यांना चहा पाजला. तुझ्या नावाने.

मोठेबाबांना सांग, कात्रण काढा, त्यातला फोटो घाण आलाय.

तुझी,
श्रावस्ती


सरोजिनी नगर
९ फेब्रुवारी, रविवार

चि. श्रावस्ती,
जय भीम.

एक सत्तेचाळीसबद्दल अभिनंदन. त्या उतारावर आता माती बसलीये म्हणतात, २०१९ मध्ये सगळी खडी होती. असो.

आज गुरुग्रामला जाऊन आलो. यांच्या सोसायटीत शिरणं म्हणजे मंत्रालयात शिरण्यापेक्षा अवघड. गार्ड अॅपवर नाव घालतो, वरून मंजुरी येते, मग लिफ्ट उघडते. सतराव्या मजल्यावर फ्लॅट. बाल्कनीत फ्रेम एका जाड चादरीत गुंडाळून ठेवली होती.

खोटं कशाला बोलू, देखणी फ्रेम आहे. हातात घेतली तर वाटलं, हिच्यात काहीतरी कमी आहे, इतकी हलकी. मागचा भाग उचलून सोडला की आवाज न करता खाली येतो. सांध्यांमधले बेअरिंग तिने गेल्या दिवाळीत बदललेत, बिल दाखवलं. मला ती लहान. मी नुसतं उभं राहून पाहिलं, गुडघे हँडलला लागतील. तुला अगदी बेतून केल्यासारखी.

कुणीतरी गुरुग्रामच्याच कॅफेवाल्याने भिंतीवर टांगायला मागितली होती, तिने दिली नाही. म्हणाली, "ही जिंकणाऱ्या पोरीकडे गेली पाहिजे. तुमच्या बहिणीचे व्हिडिओ बघितले मी रात्री. बिल्कुल तीच हवी मला." अर्धा तास तुझंच चाललं होतं.

आता मुख्य. मी प्लँटमधलं सामान नेलं होतं. आम्ही भेगा कशा शोधतो ते तुला माहीत आहे. जोड स्वच्छ पुसायचा, लाल द्रव मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, परत पुसायचं आणि वर पांढरा फवारा द्यायचा. भेग असेल तर आत शिरलेला लाल पांढऱ्यावर उमटतो. हँडलखालचा जोड साफ निघाला. मागच्या चाकाला धरणाऱ्या नळीवर, वेल्डच्या कडेला, केसाएवढी रेघ आली. फोटो या मेललाच जोडलाय. रुचिता तेव्हा आत ऑफिसच्या कॉलवर होती, रविवारी पण यांचे कॉल असतात. मी पुसून टाकलं आणि तिला काही बोललो नाही. तिचा जीव आहे त्या फ्रेमवर, उगाच कशाला. तूही काही बोलू नकोस. नुसतं 'जमत नाही' म्हणून कळव.

आमच्याकडे नियम साधा आहे, शंका आली की पार्ट बाद मालाच्या लाल पेटीत. तुझ्या हाडांवर मी जोखीम घेणार नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. एक सीझन गेला म्हणून काही बिघडत नाही. माझे तीन गेले.

संघपाल


पुणे
११ फेब्रुवारी

प्रिय दादा,
जय भीम.

पत्र वाचून दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. आमच्या लॅबच्या उल्का मॅडम विचारायला आल्या, कुणी गेलं का घरचं. म्हटलं, नाही मॅडम, सायकलच्या फ्रेमला भेग आहे. त्यांनी मला पाणी दिलं आणि अर्ध्या दिवसाची रजा घे म्हणाल्या.

पण मग तो फोटो पुन्हा बघितला आणि अंगावर काटा आला. ही मी घेतली असती आणि हिमाचलच्या त्या दगडी पायऱ्यांवर नळी सुटली असती तर? तू होतास म्हणून वाचले. तुझे आभार कसे मानायचे कळत नाही.

एक गोष्ट तुझं न ऐकता केली, रागावू नकोस. गप्प बसणं मला पटेना. मी नाही घेतली तर दुसरी कुणी घेईल, ती मरेल. म्हणून तुझा फोटो ग्रुपवर टाकला. लिहिलं की गुरुग्रामच्या या फ्रेमची तपासणी माझ्या भावाने केली आहे, तो मानेसरला क्वालिटीत आहे, आणि मागच्या नळीवर भेग आहे, कुणी घेऊ नका. सहाशे जण आहेत ग्रुपवर. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. तिघांनी विचारलंय, तुझे भाऊ आमचीपण तपासून देतील का.

आता माझ्यापुढे विक्रांतचीच उरली. सांधे ढिले तर ढिले, बेअरिंग बदलून बघते. तो व्हिडिओ कॉलवर दाखवतो म्हणालाय. डेहराडूनला तुला पाठवणं बरं दिसत नाही, आधीच रविवार गेला तुझा.

श्रावस्ती


सरोजिनी नगर
१२ फेब्रुवारी

श्रावस्ती,

ती पोस्ट आजच्या आज काढ.

रुचिता भली बाई आहे, तिचं नाव असं चव्हाट्यावर आणायची गरज नव्हती. शिवाय मी कंपनीचं सामान बाहेर वापरलं, हे प्लँटमध्ये कळलं तर मला मेमो येईल. प्लँटचं नाव लिहिलं नाहीस हे बरं, पण मानेसर लिहिलंस.

आणि विक्रांतची घेऊ नकोस. ढिले सांधे व्हिडिओवर कळत नाहीत. त्यापेक्षा यंदा थांब.

पोस्ट काढल्यावर कळव.

संघपाल


पुणे
१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,
जय भीम.

मानेसर शब्द काढला. पोस्ट काढली नाही. तुला मेमो येऊ नये हे मला कळतं, पण कुणाची मान मोडू नये हे जास्त आहे. ट्रॅकवर दगड पडलेला दिसला तर थांबून मागच्याला सांगायचं, हे नागपूरला सुट्टीत सेमिनरी हिल्सवर मला कोणी शिकवलं?

काल रुचिताचा फोन आला होता. कडाकडा भांडली. जसं झालं तसं लिहिते.

म्हणाली, "श्रावस्ती, तुझ्या भावाने माझ्यासमोर फ्रेमला थाप मारली आणि म्हणाला, एकदम सॉलिड है. मग ही रेघ आली कुठून?"

मी म्हटलं, "तुम्ही कॉलवर होतात. तुम्ही बघितलंच नाही."

"कॉल संपल्यावर मी बाहेर आले. तो पांढरी पावडर पुसत होता. मी विचारलं, काही निघालं? तो म्हणाला, कुछ नहीं, साफ आहे."

"तुमचं मन मोडू नये म्हणून म्हणाला असेल."

"माझं मन? माझ्या फ्रेमला सहाशे लोक कबाड म्हणतायत. कॅफेवालासुद्धा आता नको म्हणाला."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, माझा दादा रोज शेकडो पार्ट तपासतो, त्याला तुमच्याकडून काही मिळणार नव्हतं, खोटं बोलायचं कारण तुम्हाला आहे, त्याला नाही. गुडघा गेल्यावर निदान दुसऱ्याचा तरी जपा.

ती म्हणाली, "ठीक आहे. मी लॅबमधून लेखी रिपोर्ट आणते." आणि फोन ठेवला.

मला नंतर वाईट वाटलं, पण चूक वाटली नाही. रिपोर्ट आणू दे, तुझंच खरं निघेल.

विक्रांतला होकार कळवलाय. शनिवारी तो कुरिअर करणार. फोटोत नळ्या सरळ दिसतात. दिव्याखाली भिंग धरून मी स्वतः बघेन, आता तुझ्याकडून ऐकून ऐकून थोडं मलाही येतं.

श्रावस्ती


सरोजिनी नगर
२० फेब्रुवारी, गुरुवार

श्रावस्ती,
जय भीम.

विक्रांतला आजच फोन कर आणि नको म्हणून सांग. बाकीचं पत्र त्यानंतर वाच.

रुचिता खरं बोलतेय. फ्रेमवर रेघ नव्हती. हँडलखाली नव्हती, मागच्या नळीवर नव्हती, कुठेच नव्हती. मी पांढरा फवारा दिला, दहा मिनिटं थांबलो, मग आणखी दहा. खाली उकिडवा बसून बघत होतो. पांढरं पांढरंच राहिलं. एवढी स्वच्छ वेल्ड मी प्लँटमध्येसुद्धा कमी बघितली आहे.

तुला पाठवलेला फोटो आमच्या ट्रेनिंगच्या कपाटातल्या एका तुकड्याचा आहे. नवीन मुलं आली की भेग कशी दिसते ते दाखवायला आम्ही तो ठेवतो. माझ्या फोनमध्ये होताच. परतीच्या मेट्रोत मी तो शोधला आणि सरोजिनी नगर येईपर्यंत पत्र मनात तयार होतं.

का केलं, याचं उत्तर मी आठ दिवस गोल गोल शोधत होतो. तुझ्या हाडांची काळजी, माझा मेमो, सगळं लावून बघितलं. एकही बसत नाही. ती फ्रेम माझ्या मापाची असती तर निदान म्हणता आलं असतं की मला हवी होती. मला ती नकोच होती. तुला मिळू नये, एवढंच हवं होतं.

तू एक सत्तेचाळीस केलंस ते पत्र मी बसमध्ये फोनवर वाचलं. धौला कुआँहून कंपनीची बस सुटली होती. तिसऱ्या वळणावर ब्रेक लागत नाही, हे वाचलं आणि डोळे मिटून ते वळण घेऊन बघितलं. मनातसुद्धा माझा ब्रेक लागला. मानेसर येईपर्यंत मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी तू थोडी आणखी वाईट वाटत गेलीस.

मग तो फ्रिज. बाबा माझ्या शर्यतीतल्या सातव्या नंबरच्या वेळी म्हणाले होते, सरकारी परीक्षेत सातवा आला असतास तर. तुझं कात्रण ते रोज सकाळी फडक्याने पुसतात. आणि त्या बाल्कनीत मला अर्धा तास ऐकावं लागलं की तुमच्या बहिणीसारखी दुसरी नाही. मी हसत होतो. थाप मारून 'सॉलिड है' म्हणालो तेसुद्धा खरं, तेव्हा अजून मी काही ठरवलं नव्हतं.

मी चुकलो कुठे ते वेगळंच आहे, आणि तसं फक्त माझ्यासारखाच चुकू शकतो. प्लँटमध्ये पार्टला लाल पट्टी लावली, लाल पेटीत टाकला, की तो संपला. त्याला फोन नसतो, मालक नसतो, कोणी त्याच्यासाठी भांडायला येत नाही. बारा वर्षं हेच केलं. मला वाटलं, ही फ्रेमपण तशीच मुकाट पेटीत पडेल. तू सहाशे लोकांना सांगशील, आणि तेही माझ्यावर विश्वास ठेवून, हे डोक्यात आलंच नाही. तू विक्रांतची ढिली फ्रेम घेशील हेसुद्धा नाही.

काल संध्याकाळी गुरुग्रामला गेलो. गार्डने अॅपवर नाव टाकलं, मंजुरी आली नाही. मी गेटवरून रुचिताला फोन करून सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या बहिणीने मला काय काय ऐकवलं, माहितीये?" मी म्हटलं, माहितीये, तिने माझ्यासाठी ऐकवलं. ती म्हणाली, "तेच तर."

आज सकाळी ग्रुपवर माझ्या नावाने लिहिलं. फोटो या फ्रेमचा नाही, तो मी मुद्दाम पाठवला, फ्रेम निर्दोष आहे, श्रावस्तीला काही माहीत नव्हतं. आतापर्यंत लोक काय काय म्हणतायत ते तू वाचलं असशीलच. बरोबर म्हणतायत.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त विक्रांतला फोन केलास एवढं कळव.

संघपाल


पुणे
२३ फेब्रुवारी

संघपालदादा,

विक्रांतला फोन केला. कुरिअर थांबवलं.

तीन दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते पत्र तुला फाडता आलं नसतं आणि मला परत घेता आलं नसतं. आईला सांगितलं नाही. तिला वाटतं मला ताप आहे.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहितीये? जिन्यात बसून रडले त्याचा. आणि 'तू होतास म्हणून वाचले' असं लिहिलं त्याचा. ते वाचून तू गप्प राहिलास. दुसऱ्या दिवशीच्या पत्रातसुद्धा तुला मेमोच दिसत होता.

रुचिताला शुक्रवारी फोन केला. उचलला नाही. काल पुन्हा केला. गुडघ्याबद्दल बोलले त्याची माफी मागितली. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग ती म्हणाली, लॅबचा रिपोर्ट आलाय, फ्रेम साफ आहे, आणि आता तिला चार गिऱ्हाइकं आहेत. तुझ्या पोस्टने फुकटात जाहिरात झाली. मी म्हटलं, माझा काही हक्क उरला नाही, पण मी येऊन तोंडावर माफी मागते. त्यावर म्हणाली, "ये. फ्रेम देईन असं म्हणत नाही. तुला बघेन, मग ठरवेन."

शनिवारी सकाळच्या गाडीने निजामुद्दीनला पोचते. मोठेबाबांकडेच उतरणार, तुझ्यासाठी मी ते घर सोडणार नाही.

आता माझं एक. हे लिहिलं नाही तर मीही खोटा फोटो पाठवणारीच ठरेन.

तुझी वेळ मोडली, हे मला एका ओळीत लिहिता आलं असतं. मी अर्धं पान लिहिलं. तिसरं वळण, डावीकडचा खडक, सगळं निवडून निवडून घातलं. चहा तुझ्या नावाने पाजला हे खरं, पण तुला कळवायचं म्हणून पाजला. लहानपणापासून मला तुझ्या उतरलेल्या सायकली मिळाल्या. तू दिल्लीचा, तुला चौदाव्या वर्षी गिअरची, मला ती तुझी उंची वाढल्यावर. नागपूरला सगळे म्हणायचे, संघपालसारखी चालव. संघपालसारखी. मोठेबाबा आता फ्रिज पुसतात, पण तेव्हा माझ्या वाढदिवसालासुद्धा तुझंच कौतुक करायचे. तुला कुठे दुखेल ते मला नेमकं माहीत होतं आणि मी तिथेच बोट ठेवलं.

पण मी बोटच ठेवलं रे. तुझ्या सायकलचा ब्रेक नाही कापला.

मोठेबाबांना हे मी सांगणार नाही. मी पोचण्याआधी तू सांग.

श्रावस्ती


सरोजिनी नगर
२६ फेब्रुवारी

श्रावस्ती,
जय भीम.

तुझ्या पत्रातलं ब्रेक न कापल्याचं वाक्य मी वाचून बाजूला ठेवलं. त्यावर मला काही लिहायचं नाही, ते तसंच राहू दे.

बाबांना काल जेवताना सांगितलं. आधी त्यांना वाटलं प्लँटचंच काही आहे. म्हणाले, "पार्ट परत आला का?" मग मी पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा हातातच ठेवला. फ्रिजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, "फ्रेम मोडकी नव्हती?" म्हटलं, नव्हती. "आणि पोरगी मोडकी घेणार होती, तुझ्या सांगण्यामुळे?" म्हटलं, हो. मग ताट घेऊन स्वतः उठले, स्वतः घासलं. आजवर त्यांनी ताट घासलेलं मी पाहिलं नव्हतं.

आज सकाळी फिरायला निघताना एवढंच म्हणाले, "स्टेशनवर मी एकटा जातो."

रुचिताशी माझं परत बोलणं झालं, दोन मिनिटं. तिने ठरवलंय ते कळवतो. चार गिऱ्हाइकांपैकी एक मुलगी चंदीगडची आहे, वैभवी म्हणून, तीही हिमाचलला उतरणार आहे. रुचिताने तिलाही रविवारीच बोलावलंय, दुपारी दोनला. तुला अकराला. दोघींना फ्रेमवर उभं करून बघणार, बोलणार, आणि संध्याकाळी निर्णय सांगणार. माझ्यामुळे तुझं पारडं हलकं झालंय, हे तिने माझ्यापासून लपवलं नाही. मी तिला म्हटलं नाही की तुला दे. तो अधिकार मी सतराव्या मजल्यावर ठेवून आलोय.

तुझ्या जुन्या फ्रेमचं माप लिहून आण, पॅडल घालायचा पाना आण, आणि शूज तेच आण जे घालून शर्यत करतेस, उंचीत फरक पडतो. वैभवी तुझ्यापेक्षा दोन इंच उंच आहे. तिला मीडियम आखूड पडेल असं मला वाटतं. हे वाटणं कितपत धरायचं ते तू ठरव.

बाबा शनिवारी सकाळी सहापासूनच निजामुद्दीनला असतील, गाडीला उशीर असला तरी. मी त्या वेळी अरवलीवर असेन. तीन सीझननंतर पहिल्यांदा. जुनीच सायकल, उतार छोटा. तू बाबांबरोबर घरी येशील तेव्हा घर रिकामं असेल, चावी शेजारच्या शेवंताकाकूंकडे ठेवतो.

रविवारी सिकंदरपूरपर्यंत मेट्रोने जा, तिथून कॅब. गेटवर गार्ड नाव विचारेल. रुचिताने अकरा वाजताच्या खान्यात अॅपवर तुझं एकटीचं नाव टाकलंय.

संघपाल